हिब्रू पुस्तकांचं रोमन लिप्यंतर: कॅटलॉग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.लिब., एम.लिब.ची पोरं, तालुक्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल, दोन-तीन निवृत्त मास्तर, असे सगळे मिळून तेच तेच प्रश्न पाठवतात म्हणून एकदाचं सगळं इथं बसून लिहून काढलं. पहिले एक सांगतो, या पानावर रोमन किंवा हिब्रू अक्षर एकही नाही. मागच्या वेळी टिंबंवाली अक्षरं टाकून पाठवलं तर निम्म्या लोकांच्या फोनवर चौकोनच दिसले, मग फोनवर फोन. म्हणून अक्षरं नावानं सांगतो. "टिंबाचा एच" म्हणजे एचच्या खाली टिंब, "टिंबाचा के" म्हणजे केच्या खाली टिंब, असंच पुढं.

१. सर, मराठवाड्यात हिब्रू पुस्तक येतं तरी कुठून? हे शिकायचं कशाला?

कमी येतात पण येतात. कुणा प्राध्यापकाचा नाहीतर पाद्रीबुवांचा संग्रह घरचे लोक खोके भरून दान देतात, त्यात हिब्रू शब्दकोश, प्रार्थनेची पुस्तकं, बायबलच्या आवृत्त्या निघतात. आणि हिब्रूचा मराठीशी संबंध काही आजचा नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमधी बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते पूर्ण छापून आलं १९२४ ला. बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) लोकांनी १८४६ ला मुंबईत आणि १८७४ ला पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापल्या, हगादा म्हणजे वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची पोथी. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी तर हिब्रूतली कितीतरी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. तर असलं एखादं पुस्तक तुमच्या टेबलावर आलं आणि तुम्ही "इतर भाषा" म्हणून कपाटात टाकलं तर ते परत कुणाला सापडणार नाही.

२. पुस्तक कुठून उघडायचं हेच कळंना. शिक्का कुठं मारायचा?

उजवीकडून उघडायचं, उर्दू पुस्तकासारखं. हसू नका, मी स्वतः नवीन असताना एका ग्रंथालयात अकरा हिब्रू पुस्तकांच्या शेवटच्या पानावर दाखलअंक टाकून ठेवला होता आणि मुखपृष्ठ म्हणून मागची जाहिरात वाचत बसलो होतो. ज्यांनी उर्दू पुस्तकं हाताळलीत त्यांना हा घोळ होत नाही. इंग्रजी नावाचं पान बऱ्याचदा डाव्या टोकाला असतं, ते खरं शीर्षकपान नाही (बघा प्रश्न १३).

३. अक्षराला अक्षर लावलं की झालं ना? तक्ता समोर ठेवायचा आणि टाइप करायचं.

नाही होत, आणि सगळी गडबड इथंच आहे. देवनागरीत काना-मात्रा दिसतात, हिब्रूत रोजच्या छपाईत स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. उर्दूवाल्याला हे लगेच कळतं. काफ आणि लाम लिहिलं की ते "कल" पण आणि "कुल" पण, अलिफ-सीन लिहिलं की "इस" का "उस" ते वाक्य वाचल्यावर ठरतं, जेर-जबर-पेश कुणी टाकत नाही.

हिब्रूत तसंच. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं घ्या. "सेफेर" वाचलं तर पुस्तक, "सापार" वाचलं तर न्हावी, "सिपेर" म्हणजे त्यानं सांगितलं, "साफार" म्हणजे त्यानं मोजलं. तीनच अक्षरं, आणि मधलं पे कुठं पी होतं कुठं एफ. तक्त्यात बघून एस-पी-आर टाइप केलं तर ते कुणालाच वाचता येणार नाही आणि अंदाजानं स्वर भरले तर पुस्तकाचा न्हावी होईल. म्हणून क्रम असा, पहिले शब्द ओळखा, मग डिक्शनरीत त्याचे स्वर बघा, मग तक्ता. तक्त्याचं काम सगळ्यात शेवटी.

४. मग तक्ता कोणता वापरायचा? नेटवर चार प्रकारचे दिसतात.

ग्रंथालयासाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचा, ज्याला सगळे ए-एल-ए-एल-सी म्हणतात. फुकट मिळतो. आयएसओ २५९ हे मानक १९८४ चं आहे, इस्राएलच्या हिब्रू भाषा अकादमीचे स्वतःचे नियम आहेत जे २००६ ला बदलले, रस्त्यांच्या पाट्या त्या नियमांवरून लिहितात. ते सगळे आपापल्या जागी बरोबर, पण जगातल्या ज्या नोंदी आपण उतरवून घेतो त्या ए-एल-ए-एल-सीच्या असतात, आपण वेगळं केलं तर एकच पुस्तक दोन ठिकाणी बसणार. स्वर कुठून घ्यायचे तर अवराहाम एव्हन-शोशानच्या हिब्रू शब्दकोशातून, तो प्रमाण धरतात. लेखक घरात कसा उच्चार करत होता ते बघायचं नाही. युरोपातले जुने यहुदी "शाबेस" म्हणतात, कॅटलॉगमधी तरीपण "शाबात" (शनिवारचा विश्रांतीचा दिवस).

५. टिंबाचा टी म्हणजे ट, टिंबाचा एच म्हणजे विसर्ग, मग हिब्रूत पण तेच ना?

नाही, नाही, नाही. हा घोळ फक्त आपल्या मराठी लोकांचाच होतो कारण आपण मराठी पुस्तकांचं रोमन करून करून डोळे तसे बसवलेत. खुणा त्याच, पण अर्थ बदलतो.

टिंबाचा टी मराठीत ट, हिब्रूत तो "तेत" या अक्षराचा, उच्चार साधा त. टिंबाचा एच मराठीत विसर्ग, हिब्रूत "खेत", घशातून येणारा ख. आणि सगळ्यात फसवा तो तिरपी रेघ डोक्यावर असलेला एस. मराठीत तो श. हिब्रूत तो "सिन", उच्चार चक्क स! हिब्रू श साठी एस-एच लिहितात, जे आपल्या मराठी तक्त्यात ष साठी आहे. म्हणून इस्राएल या शब्दाचं रोमन रूप बघून आमच्याकडं एकीनं रजिस्टरात "यिश्राएल" लिहिलं होतं. तिची चूक नाही, तिनं मराठीचा नियम बरोबर लावला, फक्त भाषा दुसरी होती.

६. मला उर्दू येतं. उर्दूचा तक्ता हिब्रूला चालंल का?

उर्दू येत असेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकली, पण तक्ता उर्दूचा लावू नका. विचार जुळतो. किताबमधला काफ वेगळा आणि कलममधला काफ वेगळा, ते आणि तोय दोन्ही त पण वेगळे, हिब्रूत पण काफ-कोफ आणि ताव-तेत अशा जोड्या आहेत. फक्त रोमनमधी खुणा वेगळ्या. कलमचा काफ उर्दू तक्त्यात क्यू होतो, हिब्रूचा कोफ टिंबाचा के होतो, क्यू कधीच नाही. उर्दू तोयच्या टीखाली दोन टिंबं, हिब्रू तेतच्या टीखाली एक. उर्दूतल्या बडी हेचा टिंबाचा एच आणि हिब्रू खेतचा टिंबाचा एच हे मात्र सारखेच, तेवढी सोय आहे.

हिब्रूतल्या कुठल्या के-एचला घाबरायचं तेही सांगून टाकतो: काफ अक्षरात ठिपका असेल तर के, नसेल तर के-एच. खेत मात्र नेहमी टिंबाचा एच. कानाला आज दोन्ही सारखेच लागतात, म्हणून ऐकून लिहू नका, अक्षर बघून लिहा.

७. अलेफ आणि आयिन ही अक्षरं कधी लिहायची, कधी सोडायची?

आयिनचं चिन्ह नेहमी लिहायचं, सुरुवातीला, मधी, शेवटी, कुठंही. ते उलट्या स्वल्पविरामासारखं वर टांगलेलं असतं. अलेफ शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी सोडायचा. मधी आला तर बघायचं की त्याचा स्वतःचा स्वर आहे का. स्वर असेल तर चिन्ह द्या, नुसता मुका बसला असेल तर सोडा.

दोन नावं शेजारी ठेवा म्हणजे पटकन डोक्यात बसंल. यिस्राएलमधी "रा" संपतो आणि मग अलेफ स्वतःचा "ए" घेऊन उभा राहतो, तिथं अलेफचं चिन्ह येतं. येहेज्केल म्हणजे आपला एझेकिएल, त्यात पण शेवटून दुसरा अलेफच आहे पण तो मुका, "के"चा स्वर आधीच्या कोफचा आहे, म्हणून चिन्ह नाही. तसंच "रोश" (डोकं, वर्षारंभाच्या सणाच्या नावातला) आणि "बेरेशीत" (उत्पत्ती) यात अलेफ लिहिलेला दिसतो, रोमनमधी दिसत नाही.

आणि कृपा करून दोन्हींसाठी कीबोर्डवरचा एकच साधा अपॉस्ट्रॉफी मारू नका. युनिकोडमधी आयिनला ०२बीबी आणि अलेफला ०२बीसी आहे, एकदा कॉपी करून डेस्कटॉपवर नोटपॅडमधी ठेवा.

८. व्ही लिहायचा का टिंबाचा व्ही?

बेत अक्षर ठिपक्याशिवाय असेल तर साधा व्ही, अवराहाम, तेल अवीव. वाव व्यंजन म्हणून आला तर टिंबाचा व्ही, दाविद, लेवी. ज्याला देवनागरीत एकच व आहे त्याला हे त्रासदायक वाटतं, पण टिंब बघून मूळ स्पेलिंग परत लावता येतं, म्हणून ते आहे. वाव ओ किंवा उ म्हणून बसला असेल तर तो स्वर, तिथं व्ही नाहीच.

९. हनुक्का, शब्बात, हग्गादा, यातली दोन अक्षरं का काढून टाकता?

कारण ए-एल-ए-एल-सीत द्वित्त दाखवत नाहीत. अक्षरात ठिपका म्हणजे उच्चार पूर्वी दुहेरी होता, पण रोमनमधी अक्षर एकदाच. शाबात एका बीनं, सिदूर एका डीनं, किबुत्स एका बीनं, हनुका एका केनं आणि सुरुवातीला टिंबाचा एच. शब्दाच्या शेवटी "हे" नावाचं अक्षर असेल तर एच ठेवायचा, तोरा आणि मिश्ना दोन्हीच्या शेवटी एच.

पण, आणि हा पण महत्त्वाचा, हे शीर्षक जसंच्या तसं उतरवताना. विषय-शीर्षकात आणि प्रमाण नावात इंग्रजीत रुळलेलं स्पेलिंग चालतं. म्हणजे एकाच नोंदीत २४५ मधी (मार्क या कॉम्प्युटरच्या नोंदपद्धतीतला शीर्षकाचा रकाना) हगादा एका जीनं आणि प्रमाण शीर्षकाच्या जागी दोन जीनं. परीक्षेत याच्यावर मार्क कापले म्हणून एक पोरगी भांडायला आली होती, तिचं दोन्हीकडं एकच स्पेलिंग होतं. नावांचं बघा प्रश्न ११.

१०. शीर्षकाच्या सुरुवातीचा "हा" वर्णक्रमात मोजायचा का?

"हा" म्हणजे इंग्रजीतला द. शब्दाला चिकटून लिहितात, रोमनमधी आपण मधी छोटी रेघ देतो. तो बारीक अक्षरात, पुढचा शब्द कॅपिटलनं सुरू. मार्कमधी २४५ चा दुसरा निर्देशक (वर्णक्रमात सुरुवातीची किती अक्षरं सोडायची तो आकडा) ३, एच, ए आणि रेघ मिळून तीन. काही शब्दांआधी तो "हे" होतो, तरी तीनच.

फसण्याच्या जागा दोन. एक, हगादा, हलाखा यांच्यातला "हा" शब्दाचाच आहे, उपपद नाही, तिथं निर्देशक शून्य. मी अशी नोंद बघितलीय जिथं हलाखा हे पुस्तक एल खाली लागलं होतं. दुसरी, "बा" म्हणजे "त्या अमक्यामधी", इंग्रजीतलं इन द, याच्या पोटात उपपद लपलेलं आहे पण ते वगळत नाहीत, निर्देशक शून्यच. "बा" आणि "बे" यातलं कोणतं हे परत वाचूनच कळतं, आणि आणि-अर्थाचा "वे" काही अक्षरांआधी "उ" होतो, म्हणजे प्रश्न ३ कडं आलो परत. व्याकरण न बघता सुटका नाही.

११. लेखकाचं नाव पण असंच टिंबं देऊन लिहायचं का?

जबाबदारीच्या विधानात, म्हणजे शीर्षकपानावर जे आहे ते उतरवताना, हो. पण मुख्य नोंदीच्या नावासाठी आधी प्रमाण फाइल (नावांची ठरलेली रूपं ठेवलेली यादी) बघा. आमोस ओझ (१९३९–२०१८) यांचं नाव नियमानं काढलं तर दोन्ही शब्दांना आयिन लागंल, प्रमाण नोंद मात्र साधी, विनाचिन्हाची, कारण जग त्यांना तसंच ओळखतं. कवी बियालिक (१८७३–१९३४) यांचं पण तसंच. शहराचं पण तेच, प्रकाशनस्थळ उतरवताना येरुशालायिम, शोधायच्या नावात जेरुसलेम.

आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांच्या आडनावांची वेगळीच मजा आहे. पेणकर, किहीमकर असली कोकणातल्या गावांवरची आडनावं हिब्रू अक्षरात छापलेली असतात, त्यात शेवटचा "कर" कोफनं असेल तर उतरवताना टिंबाचा के येईल. ते उतरवा, पण प्रमाण नाव करताना तो माणूस स्वतः इंग्रजीत किंवा मराठीत नाव कसं लिहायचा ते शोधा. पेणकरांना हिब्रूतून परत शोधून काढणं म्हणजे पेणला जायला दिल्लीवरून गाडी पकडणं.

१२. प्रकाशनवर्ष अक्षरात लिहिलंय, त्याचं काय करायचं?

सोपं आहे, आणि उर्दूतले अबजद माहीत असतील (७८६ कुठून येतं ते) तर अजूनच सोपं. प्रत्येक अक्षराला आकडा असतो. ताव ४००, शिन ३००, मेम ४०, दालेत ४, बेरीज ७४४. हजाराचा ५ बहुतेक सोडलेला असतो, म्हणजे खरं वर्ष ५७४४. ५ सोडून उरलेल्या ७४४ मधी १२४० मिळवा, १९८४ आलं. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमधी सुरू होतं, म्हणून पुस्तक १९८३ च्या शेवटाला पण निघालेलं असू शकतं. नोंद करताना ७४४ लिहून चौकटी कंसात १९८३ किंवा १९८४. आपण शके १९०५ ला ७८ मिळवून १९८३ काढतो आणि मग मार्चचं बघतो, तेच आहे हे.

दोन बारकावे. १५ आणि १६ साठी दहा अधिक पाच, दहा अधिक सहा लिहीत नाहीत कारण ती अक्षरं देवाच्या नावातली होतात, त्याऐवजी नऊ-सहा आणि नऊ-सात. आणि जुन्या पोथ्यांवर वर्षाच्या जागी चक्क बायबलमधलं वाक्य असतं, त्यातली काही अक्षरं मोठी किंवा वर टिकली दिलेली. फक्त तेवढ्याच अक्षरांची बेरीज करायची, फारसी तारीख काढतात तशी. सगळ्या वाक्याची केली तर पुस्तक अजून छापायचंच आहे असं निघतं.

१३. पुस्तकावरच इंग्रजी नाव छापलंय, मग मी रोमन करायची गरज काय?

ते २४६ मधी टाका, वेगळं शीर्षक म्हणून. प्रकाशकानं केलेलं रोमन कुठल्याच नियमात नसतं, एकाच प्रकाशकाच्या दोन पुस्तकांवर दोन स्पेलिंग असतात. २४५ मधी तुमचं नियमानं केलेलं. पुस्तकात स्वरचिन्हं छापलेली असतील, म्हणजे प्रार्थनापुस्तक, कविता, लहान मुलांचं पुस्तक, तर ती वाचायला लई मदत होते, त्यांचा फायदा घ्या.

१४. श्वा आणि कामात्स कळत नाही. कधी ए, कधी ओ, कधी काहीच नाही?

श्वा म्हणजे अक्षराखाली उभे दोन ठिपके. शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली असेल तर इंग्रजी ई लिहा, जरी आज तेल अवीवच्या रस्त्यावर तो उच्चारत नसले तरी. "बेने"चं उदाहरण आपल्या घरचंच आहे. आजचे इस्राएली "ब्ने" म्हणतील, पण आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या बेने इस्राएलच म्हणतात आणि तक्त्याला पण तेच पाहिजे. शब्दाच्या मधी असेल आणि अक्षर बंद करत असेल तर काही लिहायचं नाही.

कामात्स हे पण अक्षराखालचं स्वरचिन्ह, बहुतेक वेळा इंग्रजी ए, म्हणजे आ. पण एक छोटा कामात्स असतो तो ओ होतो आणि दिसायला अगदी सारखा. "कोल" (सगळं), "होख्मा" (शहाणपण, टिंबाच्या एचनं), "त्सोहोरायिम" (दुपार). हे ओळखायची खात्रीची रीत एकच, डिक्शनरी. पाठ करायचा नाद सोडा.

१५. एका शब्दात शेवटच्या अक्षराआधी दुहेरी अवतरण आहे. चूक छापलंय का?

नाही, ते संक्षेपाचं चिन्ह आहे. शब्दासारखं बोलतात तर शब्दासारखं लिहा, तनाख (हिब्रू बायबल), राशी (जुना भाष्यकार), त्साहाल (इस्राएलचं सैन्य). वर्षाच्या अक्षरात पण हेच चिन्ह असतं, तर संक्षेप समजून वाचायला जाऊ नका, आधी बेरीज करून बघा (प्रश्न १२). राशीवरून आठवलं, भाष्याच्या पुस्तकात राशी लिपी नावाचा वळणदार टाइप असतो, त्यानं रोमन रूपात काही फरक पडत नाही, फक्त डोळे दुखतात.

१६. हिब्रू म्हणून नोंद केली, नंतर कळलं यिडिश आहे. कसं ओळखायचं?

लिपी एकच, भाषा वेगळी, जसं देवनागरी बघून मराठी का हिंदी. यिडिश जर्मनच्या कुळातली. त्यात आयिन स्वर म्हणून वापरतात, ई म्हणून, त्यामुळं पानभर आयिनच आयिन दिसतात. दोन वाव किंवा दोन योद जोडीनं पण सारखे येतात. तिचे नियम त्याच तक्त्यात पण वेगळ्या भागात. भाषासंकेत हिब्रूला एच-ई-बी, यिडिशला वाय-आय-डी. वर्गांक पण बदलतो, ड्यूईत हिब्रू साहित्य ८९२.४ आणि यिडिश ८३९.१. कपाटच बदलतं म्हणून हे आधी बघा.

१७. एवढं टिंबं देऊन टाइप केलं आणि स्क्रीनवर चौकोन! आणि वाचक टिंब टाइप करणार का?

चौकोन म्हणजे बहुतेक फॉन्टचा प्रश्न, नोंद बिघडलेली नसते, घाबरून टिंबं काढू नका. एकदा युनिकोड फॉन्ट बदलून बघा. दुसरी भानगड अशी की टिंबाचा एच दोन प्रकारे साठवता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून नाहीतर एच आणि सुटं टिंब (०३२३) म्हणून. दिसतात सारखे, शोधात जुळत नाहीत. एकच रीत ठेवा, बाहेरून नोंदी आणत असाल तर सुटं टिंब, कारण त्या तशाच येतात.

वाचक टिंब टाइप करणार नाही, त्यानं करू पण नये. कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल आणि त्यातल्या झेब्रा या शोधयंत्राचं आयसीयू सेटिंग चालू असेल तर साध्या एचनं पण सापडतं. मूळ हिब्रू लिपीतलं शीर्षक ८८० मधी द्या आणि २४५ शी उपक्षेत्र ६ नं जोडा. उजवीकडून-डावीकडून मिसळलं की कर्सर इकडंतिकडं उड्या मारतो, विरामचिन्ह भलतीकडं गेलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा फक्त दिसण्यापुरतं असतं. दुरुस्त करायला जाल तर खरंच बिघडंल.

१८. आमचं ड वर्गाचं वाचनालय, कॉम्प्युटर एकच, तोही लाइट असली तर. एका हिब्रू पुस्तकासाठी एवढं सगळं करा लागतं का?

नाही हो. आयएसबीएन असेल तर मोठ्या ग्रंथालयाची तयार नोंद मिळते, ती उतरवून घ्या आणि प्रश्न ५ लक्षात ठेवून वाचा. जुनं असेल, आयएसबीएन नसेल, तर दाखल रजिस्टरात देवनागरीत जसं कळतं तसं नाव, "हिब्रू" असा शेरा, वर्ष प्रश्न १२ प्रमाणे, आणि शीर्षकपानाचा सरळ धरून काढलेला एक फोटो. रोमन नंतर कुणीतरी करंल. फोटो काढताना अंगठा शेवटच्या ओळीवर येऊ देऊ नका, वर्ष तिथंच असतं.